चार हजारांवर

सोयरू वेळीप, वय एकसष्ट, गाव रिवणच्या पलीकडचं.
केसपेपरवर एवढंच.
मडगावच्या इस्पितळात, काचेच्या खोलीत
मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवते,
सांगते, शिटी ऐकू आली की बोट वर.

अडीचशे. बोट वर.
पाचशे, हजार. बोट वर, जरा उशिरा.
दोन हजारांवर तो माझ्या तोंडाकडे बघतो.
चार हजारांवर कागदावरची रेघ
खाणीच्या कड्यासारखी सरळ खाली.
बोट मांडीवरच.

"कानात आपोआप काही वाजतं का?" मी ओरडून विचारते.
तो खिशातून आगपेटी काढून
टेबलावर उघडतो. आत एक कात,
जुन्या मधाच्या रंगाची, पाठीवर चिरलेली,
पायांचे आकडे अजून साल धरून असल्यासारखे.
"हो," म्हणतो.
कोकणीत 'हा', मराठीत 'होय'. दोन्ही खरं.
"हो किरकिरो. बारा म्हयने."

मग बोलतच सुटतो,
कान गेलेली माणसं बोलतात तशा चढ्या आवाजात:
मादी काजूच्या कोवळ्या फांदीला चीर देते,
चिरेत अंडी, कण्यांएवढी.
पिल्लू निघतं आणि खाली पडतं.
उडी न्हय गे बाय, पडतं.
मातीत शिरून मुळाला तोंड लावतं.
किती वर्षं? दोन, चार,
काळोखात कॅलेंडर कोण टांगतो.

"मी मशीनवर होतो. डोंगराची वरची माती काढायची,
लोखंड खाली. एकदा बकेटमध्ये
ही अशी दहा-बारा, पांढुरकी, ओली,
पुढचे पाय हलवत. अजून खणत होती, हवेतच.
मी मशीन बंद केलं.
सुपरवायझरानं आईवरून शिवी दिली.
तेव्हा ऐकू येत होतं मला."

बाहेर नंबर लावून बसलेले तिघे दारातून डोकावतात.
त्याचं किरकिऱ्याचं लग्न अजून लागायचं असतं:
रात्री खोडावर चढतो, पाठ उलते,
आतून हिरवट, मऊ, भिजल्या कागदाचे पंख घेऊन
स्वतःलाच उलटा लटकतो.
उजाडेपर्यंत रंग धरतो.
गातो तो नर. पोट पोकळ, घुमटासारखं.
बायका गप्प ऐकतात, निवडतात.
तीन आठवडे. मग मुंग्या.

मला सांगायचं होतं, सोयरूबाब,
जिथे तुमची रेघ कोसळली
तिथेच कुठेतरी त्यांचं गाणं असतं.
बाहेरून येणं बंद झालं
म्हणून आत मेंदूनं स्वतःच वाजवायला घेतलं.
मी फक्त लिहिलं: दोन्ही कान, मशीनची सुनावणी आवश्यक.
नंतर पाहिलं तर चूक. खोडून 'श्रवणयंत्र' केलं.

मे महिन्यात गेले त्याच्याकडे, यंत्र बसवायला.
काजू संपत आलेले, भाटीचा वास अंगाला चिकटत होता,
आणि डोंगर असा कर्कश
की मी दोन्ही कानांवर हात ठेवले.
तो काजूखाली उभा, तळवा खोडाला लावून,
टक्कल वर करून.
"सुरू जाले मगे?" मला विचारतो.
मी मान हलवते.
"कळलं. थेंब पडले माथ्यावर."
हसतो. "मुततात गे. रस पितात आणि मुततात."

यंत्र त्यानं डबीत परत ठेवलं.
म्हणाला, त्यातून ते पत्र्यासारखे वाजतात.
माझा बरा आहे.
वर्षभर हा एकटाच असतो, ह्या दिवसांत
त्याला भाऊबंद भेटतात.
एवढं म्हणून एक बोंडू माझ्या हातात दिला.
तो खाल्ला. घसा धरला.

मडगावला पोचेस्तोवर रात्र झाली.
काचेच्या खोलीचं दार ओढून घेतलं,
हेडफोन चढवला, काहीच वाजवलं नाही.
बराच वेळ बसले.
बोट वर गेलं.